भिकूची नखं

उशिरा लिहितोय, माफ करा.
दत्तारामला जाऊन पंधरा दिवस झाले. सगळ्यांनी लिहिलं, फक्त मी लिहिलं नाही.

कारण मला त्याला श्रद्धांजली वाहायची नाही.

मी सातवी पास. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. नात म्हणाली, "आजोबा, पोस्ट करू नका, लोक काय म्हणतील?" दोन दिवस तेच डोक्यात फिरतंय. पण सुनंदाचा परवा मेसेज आला, "काका, बाबांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत?"

सुनंदा दत्तारामची मुलगी. आमच्या शेजारची खोली. घाटकोपरची आमची चाळ.

तर सुनंदा, ऐक.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. गिरण्यांचा संप बुडाल्यानंतरची. तुझे बाबा तेव्हा चाळ कमिटीचे सेक्रेटरी. तू फ्रॉकमध्ये. आमच्या भिकू कुत्र्याला ग्लुकोजचं बिस्कीट दिल्याशिवाय शाळेत जायची नाहीस.

भिकू तेव्हा बारा वर्षांचा. अंगाने तांबूस, एक कान पडलेला.

त्या वर्षी त्याचं मागचं धड हलायला लागलं. दारू प्यायल्यासारखा चालायचा. मागचे पाय एकमेकांत अडकायचे. शहाबादी फरशीवर घसरून बसायचा. गॅलरीतून आला की आवाज यायचा.
खर्र. खर्र.

मला वाटलं, वात असेल. आमच्याकडे माणसाला करतात तेच मी केलं. तिळाचं तेल चोळलं. वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेक दिला. वर रोज दोन वेळा जिना चढायला लावला, म्हटलं, पाय मोकळे होतील.
तीन महिने मी त्याचे हाल केले. ती चूक माझी.

शेवटी भंगारवाल्याची हातगाडी मागून घेतली आणि त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेला.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी आधी पाय नाही, नखं बघितली.

"मामा, हे बघा. पुढची नखं लांब आणि मागची झिजून गेलीत. रक्त आलंय."

मग त्यांनी भिकूचा पुढचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला. भिकूने झटकन सरळ केला. मागचा केला, तर तो तसाच. उलट्या पंजावर उभा, माझ्याकडे बघत.

"दुखत असतं तर त्याने पाय उचलून धरला असता, लंगडला असता. हा पाय घासतोय. दोष पायात नाही, पाठीच्या कण्यात आहे. आपला पाय कुठे पडलाय हेच त्याला कळत नाही."

मी घाबरत विचारलं, "साहेब, पिसाळला तर नाही ना? चाळीत तसं बोलतात."

"पिसाळलेलं कुत्रं आठ-दहा दिवसांत मरतं. हा तीन महिने घासतोय, जेवतोय, पाणी पितोय. जिना बंद करा. फरशीवर बारदान घाला. तेल-बिल बंद."

तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं.

मी तो कागद घेऊन तुझ्या बाबांकडे गेलो. ते मालवणीत गरजले, "कागदाक काय इचारतंस? झोकांड्या खाता तो. पिसाळलो! चाळीत पोरां आसत."

"दत्ताराम, वाच तरी."

"ठेव. कमिटीक दाखवतंय."

त्यांनी कागद शर्टाच्या खिशात घातला. मी निर्धास्त झालो.

तिसऱ्या दिवशी मी कारखान्यातून आलो, तर बारदान होतं, भिकू नव्हता.

आमची ही म्हणाली, "दत्तारामने म्युनिसिपालिटीची कुत्रे पकडायची गाडी बोलावली. बाकीची कुत्री सगळी पळाली हो. हा उठायला गेला नि घसरला. मी ओरडत होते, ह्याचा कागद आहे, ह्याचा कागद आहे."

कागद दत्तारामच्या खिशात होता. तो तिथेच उभा होता.

मी कोंडवाड्यावर पोचेपर्यंत त्याला मारून टाकलं होतं. देवनारच्या रस्त्याला नेऊन टाकलं, एवढंच कळलं.

आठवड्याने तुझ्या बाबांनी कागद परत आणून दिला. "घे तुझा कागद."
घडी जशीच्या तशी. उघडलासुद्धा नव्हता.

त्यानंतर मी त्यांच्या घरचं पाणी प्यायलो नाही.

आता पुढचं.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी मी दाराआड चहा पीत होतो. गॅलरीतून आवाज आला.
खर्र. खर्र.

मी बाहेर आलो. दत्ताराम नळावरून येत होता. त्याच्या दोन्ही चपला अंगठ्यापाशी झिजलेल्या. एक पायातून सुटून मागे राहिली, तरी तो तसाच पुढे गेला. त्याला कळलंच नाही.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं.

तू मला विचारलंस, आठवतं? "काका, बाबा पाय असे का ओढतात हो? दुखत नाही म्हणतात."

मी म्हणालो, "वय झालं गं. तिळाचं तेल चोळ."

'डॉक्टरला पाठ दाखव' एवढे तीनच शब्द होते. मी ते गिळले.

वर्षभराने तो अंथरुणाला खिळला. डॉक्टर म्हणाले, कण्यात नस दबली, आधी आणायला हवं होतं. तू रडत होतीस. मी खोलीत येऊन भिकूचं बारदान काढून बसलो.

त्याच्याबद्दल मला वाईट वाटत नाही. खोटं लिहिणार नाही.
तुझ्याबद्दल वाटतं. तेल तू चोळलंस, रोज, वर्षभर.

बाकी सगळ्यांनो, घरात म्हातारं कुत्रं असेल तर आज त्याची मागची नखं बघा. पंजा उलटा करून बघा. वय झालं म्हणून सोडू नका.

भिकू, माझी फुलं तुला. त्या दिवशी मी कामावर गेलो, माफ कर बाबा.

सुनंदा, शिव्या दे, बोलणं सोड, काहीही कर. पण पाच वर्षं अंथरुणात पाय हलत नसताना बाबांनी एकदा तरी भिकूचं नाव काढलं होतं का?
तेवढं कळव. लवकर कळव गं.