खडकधावड्याखालचे अंगण

सकाळचे सव्वासहा. ऑक्टोबर १९८४. चौकीदार निवृत्ती खराटा घेऊन खडकधावड्याखाली वाकला आहे. हे झाड पेठच्या बाजूच्या या एकाच डोंगरावर आहे. दुसरीकडे कुठे सापडलेले नाही. जी झाडे उरली ती सगळी म्हातारी. कोवळे रोप एकही नाही. त्याचे कारण तो खराटा.

वनखात्याने झाडांना तारेचे कुंपण घातले आणि दिंडोरीच्या निवृत्तीला रोजंदारीवर नेमले. शेळी आत शिरत नाही, कुऱ्हाडही नाही. पडलेले बी मात्र निवृत्ती रोज झाडून दरीत लोटतो आणि वर शेणसडा घालतो.

त्याची बायको कुसाबाई म्हणते, “घरात काडी उचलत नाय अन् हितं रोज सारवण. वऱ्हाड उतरायचंय का?”

उन्हाळ्यात नाशिकच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आले. त्यांनी स्पष्ट सांगितले, “पाला राहू द्या. त्यातच बी रुजतं.”

“उकिरडा दिसंल, सर.”

“दिसू द्या.”

“तुमचं बरं हाय. तुम्ही यष्टीनं जाल. जीपवाले साहेब मलाच धरतील.”

तरी पावसाळाभर त्याने खराटा टेकवून ठेवला. दोन रोपे उगवली, वीतभर झाली. निवृत्ती ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, जणू बी त्यानेच घडवले होते.

मागच्या आठवड्यात वनखात्याच्या साहेबांची जीप आली. साहेबांनी बुटाने पाला उडवला.

“हे काय? संरक्षित क्षेत्र म्हणतात याला. कायम व्हायचंय ना तुम्हाला?”

“व्हायचंय, साहेब.”

“मग?”

निवृत्तीने तिथल्या तिथे दोन्ही रोपे उपटली आणि पाल्याबरोबर कुंपणाबाहेर फेकली. साहेबांना ते गवत वाटले. निवृत्तीला तसे वाटले नव्हते. शेण आणायला तो पळतच गेला. साहेब ओल्या सारवणावर उभे राहिले. त्यांनी वर पाहिले, झाडाची चांगली निगा राखल्याबद्दल शाबासकी दिली आणि ते चहाला निघाले.

काल हुकूम आला. उत्तम स्वच्छतेबद्दल निवृत्ती कायम झाला. पेढे वाटताना तो प्राध्यापकांविषयी म्हणाला, “शिकल्याला माणूस, पण घाणीची लय आवड.”

क्षेत्र मोठे असल्याने खात्याने झाडलोटीला निवृत्तीच्या जोडीला एक बाई मंजूर केली आहे. तिचे नाव धोंडाबाई. उद्यापासून तिची हजेरी सकाळी सातला.