सईची मॅच आणि आमचा ‘बाहेर बसलेले’ ग्रुप

शनिवारी उरणच्या मैदानावर मी इतकी ओरडले, की अजून घसा बसलेला आहे. आज दुकानदाराने काळजीने विचारलं, "काय ताई, आजारी का?" त्याला कसं सांगू, किती दिवसांनी मी इतकी खूश आहे ते...

माझी मुलगी सई नववीत आहे. शाळेच्या टीममधून कबड्डी खेळते, चढाईला जाते. आणि मी तिची एकही मॅच पाहिली नव्हती! कारण मॅच नेमक्या शनिवारी, आणि शनिवार म्हणजे आमचा डायलिसिसचा वार.

माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. मंगळवार, गुरुवार, शनिवार तो पनवेलच्या सेंटरमध्ये आत मशीनला आणि मी बाहेर खुर्चीत. मध्येच बीपी पडतं, पायात गोळे येतात, सिस्टर हाक मारतात... खाली चहाला गेलं तरी अर्धा कप टाकून वर पळायचं.

बाहेरच्या खुर्च्यांवर चेहरे तेच ते. कितीतरी महिने आम्ही एकमेकांकडे बघून नुसते हसायचो. मग एक दिवस शेखचाचांनी विषय काढला. त्यांच्या बायकोचं डायलिसिस चालू आहे. म्हणाले, "सबके सब रोज क्यूं बैठते हैं? आपण आळीपाळीने बसू ना."

त्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुप झाला. नाव, ‘बाहेर बसलेले’. कोणी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आलं, कोणी घरी जाऊन नुसतं झोपून आलं. मी सगळ्यांसाठी बसले... पण स्वतःसाठी मागायचं धाडस होत नव्हतं. मी नसताना मिलिंदला काही झालं तर?

गुरुवारी बोलता बोलता सईच्या सेमीफायनलचा विषय निघाला. माझ्या शेजारी गुलाबताई बसतात. कोन गावच्या, सासूबाईंना डायलिसिसला घेऊन येतात. त्यांनी एकदम माझा हातच धरला.

"आनि तू हितं बसनार? जा गो बाय. मी हाय ना!"

"अहो, पण गेल्या आठवड्यात त्याचं बीपी किती खाली गेलं होतं..."

"मंग तू काय केलंस तवा? सिस्टरला हाक मारलीस ना? मला हाक मारता येत नाय काय?"

मिलिंदला विचारलं, तर तो म्हणाला, "तू गेली नाहीस तर मीच मशीन सोडून जाईन." सिस्टरनाही कल्पना दिली, त्यांनी गुलाबताईंचा नंबर घेतला. डायलिसिस झाल्यावर मिलिंदला रिक्षाने घरी सोडायचं कामही गुलाबताईंनी स्वतःकडे घेतलं.

शनिवारी मिलिंदला मशीनला लावलं, दोन-अडीच तास बसले आणि मग निघाले. उरणच्या एसटीत बसले खरी, पण सगळा रस्ता फोन मुठीत. रेंज गेली की फोन खिडकीपाशी धरायचा, आली की मेसेज बघायचे...

मैदानावर पोचले तेव्हा मॅच सुरू झाली होती आणि सई बाहेर बसलेली. पहिल्याच चढाईत पकडली गेली होती. तिने मला पाहिलं आणि आनंद वगैरे राहिला बाजूला, चेहरा पांढराफटक पडला. धावत दोरीपाशी आली. "आई, तू इथे कशी? बाबांना काय झालं? बाबांजवळ कोण आहे?"

पंधरा वर्षांच्या मुलीचा पहिला प्रश्न हा... म्हटलं, "बाबा मस्त आहेत. गुलाबकाकू बसल्यात त्यांच्याजवळ. मी मॅच बघायला आलेय, फक्त मॅच बघायला!"

तिला ते पटायला दोन क्षण लागले. मग अशी काही हसली ना...

थोड्या वेळाने तिच्या मैत्रिणीने गुण आणला आणि सई परत आत गेली. पुढच्या चढाईत दोघींना टिपून आली! समोरच्या मुलीने घोटा पकडलेला, तरी सरपटत हात मध्यरेषेला लावलाच. मी काय किंचाळत होते मलाच माहीत नाही. शेजारच्या अनोळखी बाईंना मी चक्क मिठी मारली... आणि आमची टीम जिंकली!

बाहेर येऊन गुलाबताईंना फोन लावला. मी काही बोलायच्या आत त्याच ओरडल्या, "जिंकली काय पोरगी?" हो म्हटल्यावर तिकडे एकच गलका. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "आता सांगते. मधी बीपी पडलं व्हतं त्यांचं."

"अहो, मग आता कसा आहे तो?"

"घाबरू नको. सिस्टरनी लगेच बघितलं, थोड्या वेळात बरं वाटलं त्यांना. मी तुला फोन लावनार व्हते, तर तेच नको बोलले. आता घरी सोडलंय, मी बी सासूबाईंना घेऊन हितंच हाय. वरनभात खाल्लाय त्यांनी. घे, बोल."

मिलिंद फोनवर आला आणि पहिलं वाक्य, "दोघींना टिपलं म्हणे?" ही बातमी त्याच्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती. सईच्या सरांनी पाठवलेला त्या चढाईचा व्हिडिओ तो चार वेळा बघून बसला होता!

मैदानाच्या कडेला उभी राहून मी रडले. जे व्हायची मला भीती होती ते झालं होतं, मी तिथे नव्हते... आणि तरीही सगळं नीट निभावलं होतं. इतके दिवस मला वाटायचं, मी त्या खुर्चीतून उठले की सगळं कोसळेल.

येत्या मंगळवारी गुलाबताई चिरनेरला बहिणीकडे जाणार आहेत, भाचीच्या साखरपुड्याला. त्यांच्या सासूबाईंजवळ मी बसणार आहे. म्हातारीने आत्ताच बजावलंय, गप्प बसायचं नाही, गप्पा मारायच्या...

तुमच्यापैकी कोणी अशाच एखाद्या दवाखान्याबाहेर बसत असेल, तर शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी आजच बोला. गुलाबताई, शेखचाचा आणि माझे सगळे ‘बाहेर बसलेले’... माझ्या लेकीला तिची आई प्रेक्षकांत दिसली, ती तुमच्यामुळे.