कल्याणाच्या पानावरची सिद्धता

"आजोबा, आधी आभार माना, मग श्लोक म्हणा."

सांगलीच्या त्या सभागृहात, व्यासपीठाच्या पायरीवर, गणित विभागाच्या प्रमुखांनी मला असे सांगितले आणि विभागाची वार्षिक पुस्तिका हाती ठेवली. तिचे प्रकाशन व्हायचे होते. मी निवृत्त संस्कृत शिक्षक. मंगलाचरणासाठी मला पलूसहून बोलावले होते. माझी नात त्याच विभागात संशोधन करते.

"आभार कसले?"

"नातीचा फोटो छापलाय की! उघडा पान."

उघडले. वर्षभरातील संशोधन पहिल्या पानांवर होते. त्यांत ती नव्हती. आलेख सिद्धांतातील जी सिद्धता तिने मांडली, जी बाहेरच्या परीक्षकांनी तपासून मान्य केली, तिची बातमी शेवटी. सदर, 'विद्यार्थी कल्याण'. मथळा, 'सवलतींचा सदुपयोग'. खाली वसतिगृहातील नव्या गाद्यांचे वृत्त.

स्तुती कानी पडली की आपल्याला बसवले कुठे आहे, हे मी आधी पाहतो. ही सवय उंब्रजच्या शाळेने लावली. माझे पाठांतर ऐकून गुरुजी म्हणाले होते, "उच्चार शुद्ध आहेत. कुणाच्या ओसरीखाली बसून ऐकलेस?" आम्ही बौद्ध. वर्ग हसला. मी वाकून नमस्कार केला. विद्येला केला, अशी स्वतःची समजूत घातली.

"ही बातमी इथे का?" मी प्रमुखांना विचारले.

"शिष्यवृत्ती समाजकल्याणची, म्हणून बातमी कल्याणात. आमची पद्धतच आहे."

मी पाने मागे उलटली. इस्लामपूरकडचा एक संशोधक साखर कारखान्याच्या शिष्यवृत्तीवर शिकतो. तसे तिथेच छापले होते. तो मात्र संशोधनाच्या पानावर. ते पान मी त्यांच्यापुढे धरले.

ते हसले. "अहो, गणिताला जात नसते."

"गणिताला नसेल. तुमच्या पानांना आहे."

नात लगबगीने आली. माझी बाही धरून म्हणाली, "आबा, ऱ्हाऊ द्या. प्रबंधावर सही त्यांचीच लागती."

"सिद्धता चुकली असेल, तर त्यांनी सही अवश्य अडवावी."

ती प्रमुखांकडे वळली. "सर, चूक हाय का कुठं?"

"चूक कोण म्हणतंय?"

"मग कल्याण कुणाचं झालं? माझं का विभागाचं?"

पाहुणे आत येत होते. प्रमुख कुजबुजले, "कार्यक्रम बिघडवू नका. पुढच्या वर्षी पाहू. निदान श्लोक तरी म्हणा."

हे पुढचे वर्ष माझ्या परिचयाचे आहे. त्याची पुस्तिका कधीच निघत नाही.

मी नित्य त्रिशरण-पंचशील म्हणतो. असत्य वाणीपासून अलिप्त राहण्याचे शील घेतो. त्या छापील असत्यावर मंगल वचने उच्चारणे माझ्याने होणार नव्हते. पुस्तिका परत दिली. म्हणालो, "श्लोक नाही. आभारही नाहीत." नात माझ्याबरोबर बाहेर पडली.

तिच्या प्रबंधावर अद्याप सही नाही. दर खेपेस नवे कारण निघते. आम्ही कुलगुरूंकडे तक्रार केली आहे आणि ती मागे घेणार नाही. सही रखडेल, तर रखडो. सिद्धता संशोधनातच छापली जाईल, तिच्या नावाने, कोणाच्याही उपकाराविना. तोवर माझ्या मुखातून त्या विभागाला एकही मंगल अक्षर मिळणार नाही.