अठरा इंचांची रिंग

मंदाकिनीबाई वैरागडे यांच्या पंगतीतून कोणी अर्धपोटी उठलं, असं कधी घडलं नव्हतं. नवरा सचिवालयात शिपाई. राजधानी नागपूरहून हलली तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर तोही भोपाळला आला आणि मुलगा दिगू शाळेत जायला लागला त्याच वर्षी काविळीने गेला. सरकारी खोली सुटली. बाई मग मोठ्या कारखान्याच्या टाउनशिपला लागून असलेल्या खोल्यांत राहायला आल्या आणि टाउनशिपमधल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना जेवायला घालू लागल्या. पोरं कुठलीकुठली असायची, मराठी कुणालाच येत नसे, पण 'आणखी थोडं' एवढं सगळ्यांना कळायचं. नको म्हणून ताटावर आडवा धरलेला हात बाजूला करून त्या वाढत.

त्यांच्या हातचं खाऊन सगळ्यांच्या अंगाला लागायचं. लागत नसे ते फक्त पोटच्या पोराला.

दिगंबर सातव्या महिन्यातच जन्मला होता. नागपूरच्या मेयो हॉस्पिटलातून घरी आणला तेव्हा बाईंनी त्याला कापसात गुंडाळून ठेवलं होतं आणि तो श्वास घेतोय ना, हे बघायला त्या रात्रीतून कितीदा तरी उठायच्या. ती सवय पोरगा वीस वर्षांचा झाला तरी गेली नव्हती. शाळेत त्याला पोरं 'काडी' म्हणत. मोहल्ल्यात 'वैरागडेंची छत्री'. कारखान्याच्या भरतीला गेला तर तिथे छाती मोजली आणि परत पाठवलं. त्या दिवशी तो जेवला नाही. बाईंनी ताट झाकून ठेवलं, ते सकाळी तसंच होतं.

मग टाउनशिपमध्ये पाण्याची नवी टाकी निघाली आणि शेजारच्या शंकर खापरेने दिगूला तिथे चिकटवून दिलं.

शंकर अमरावतीकडचा. भिंतीला भिंत लागून त्याचं बिऱ्हाड. बायको कल्पना, दोन लहान मुली आणि दारात एक म्हैस. पायाचं काम करणाऱ्या ठेकेदाराकडे तो बरीच वर्षं होता. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. तिच्यावर टाकी उभी केली तर एका चौमाशात कलेल. म्हणून माती, मुरूम सगळं भेदून खालच्या खडकापर्यंत गोल भोकं पाडायची, त्यात सळयांचा पिंजरा सोडायचा आणि काँक्रीट भरायचं. जमिनीतच ओतलेले खांब. वर टाकी दिसेल, खांब कुणाला दिसणार नाहीत.

"दिसत नाही ते कशाला एवढं करायचं?" बाईंनी विचारलं होतं.

"तुमच्या पोळीतला तेलाचा हात दिसतो का, मावशी?" शंकर म्हणाला, आणि सगळे हसले.

पहिला महिनाभर दिगू घमेली उचलत होता. मग एका संध्याकाळी तो शीळ घालत घरी आला. बाईंना आधी बरं वाटलं.

"आई, आज मी खाली उतरलो."

"कुठे खाली?"

"भोकात. तळाला."

पुढचं त्याने जेवता जेवता सांगितलं, पाण्याचा लोटा समोर ठेवून. तीन पायांच्या उंच तिपाईवरून लोखंडी अवजार सोडून भोक पाडतात, बादलीने माती वर काढतात. पण खडकावर शेवटचा गाळ उरतो, तो काही बादलीत येत नाही. तो तसाच राहिला तर खांब दगडावर न बसता गाळावर बसतो. म्हणून एका माणसाला दोराने सोडतात. हातात कंदील, छोटा डबा आणि खुरपं. तो गाळ खरवडून डब्यात भरतो, वरचे डबा ओढून घेतात. भोक दोन फूट रुंद आणि पाच पुरुष खोल. हात वर करूनच जावं लागतं, खाली गेल्यावर वळता येत नाही.

"सगळे नाही जाऊ शकत," तो म्हणाला. "कामावर देखरेख करणाऱ्या शितोळेसाहेबांच्या खोपटाबाहेर पिंजऱ्याची एक रिंग टांगलेली आहे, अठरा इंचांची. दर सोमवारी उघड्या अंगाने, दोन्ही हात अंगाला चिकटवून तिच्यातून सरळ निघायचं. जो निघाला तो खाली. अख्ख्या साइटवर दोघंच निघतो, मी आणि शंकरभाऊ. पण लेकुरवाळ्याला खाली सोडत नाहीत, हा तिथला नेमच आहे. म्हणून शंकरभाऊ दोर धरतो आणि मी उतरतो."

बाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"नाही जायचं तू."

"आई."

"माती पडली तर? आत हवा नसली तर?"

"आधी कंदील सोडून बघतात. विझला तर जात नाही." तो हसत होता. "साहेब काय म्हणाले माहीत आहे? 'वैरागडे, तू तो हीरा निकला रे. तेरे बिना टंकी नहीं बनेगी.' आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं की तू बारीक आहेस ते बरं आहे."

त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. ताटात दोन पोळ्या संपल्या होत्या. त्यांनी तिसरी पुढे केली तेव्हा त्याने दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

"आजपासून दोनच. रिंग आहे सोमवारी."

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. डोळे मिटले की गोल काळं तोंड दिसायचं आणि त्यात वर केलेले दोन हात. त्यांनी रडून पाहिलं, रागावून पाहिलं, शितोळ्यांच्या खोपटापर्यंत जाऊन आल्या. शितोळे ग्वाल्हेरचे, बोलायला फार अदबशीर. खुर्ची देऊन म्हणाले, "बाई, मुलगा तुमचा आहे तसा आमचाही आहे. पण तो स्वतः होऊन उतरतो. जबरदस्ती थोडीच आहे?" रिंग तिथेच खिळ्याला टांगलेली होती. हातात धरायच्या परडीएवढी दिसली ती बाईंना. निघताना त्यांनी तिला हळूच हात लावून पाहिला. गार होती.

परत येताना त्यांच्या मनात आलं, पोरगा ऐकत नाही, साहेब ऐकत नाही. पण ही रिंग काही कुणाची भीड धरायची नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कल्पनाकडे गेल्या. "रोजच्यापेक्षा जास्तीचं दूध दे मला. घट्ट, पाणी न घातलेलं."

"बाई गं, मावशी! कुणाला पहिलवान करायचंय?"

"दिगूला. पण त्याला कळू देऊ नकोस हं. त्याचं ते दोन पोळ्यांचं खूळ आहे."

कल्पनाला गंमत वाटली. "होऊ दे जाडा. लग्नाचं बघू मग. काडीशी कोण लगीन लावतंय?" ती रोज धारेचं शेवटचं दाट दूध वेगळं काढून भिंतीवरून द्यायची आणि डोळा मारायची.

दिगू दोनच पोळ्या खायचा. पण त्या पोळ्यांची कणीक सायीत मळलेली असे. वरणाच्या तळाशी तूप, भाजीत दाण्याचं कूट वाटून एकजीव केलेलं. सकाळी तो ताक मागायचा, हलकं म्हणून. ते ताक म्हणजे घुसळलेलं सायीचं दही असायचं. रात्री खोकल्याचा काढा म्हणून बदाम उगाळलेलं दूध, वर सुंठ अशी की मुलाला संशय येऊ नये. जन्मभर जे पोराच्या अंगी लागलं नव्हतं ते आता लागू लागलं, कारण तो आता दिवसभर घाम गाळून यायचा आणि आडवा पडला की झोपायचा. गाल भरले. मानेखालची हाडं बुजली. बाई त्याच्या सदऱ्याची बटणं बघायच्या. ती आता ताणली जात होती.

मकरसंक्रांत होऊन गेली आणि एका सोमवारी दिगू रिंगमध्ये अडकला.

शंकरनेच घरी येऊन सांगितलं. "छातीपर्यंत आला आणि थांबला, मावशी. आम्ही म्हटलं श्वास सोड. सोडला, तरी नाही. शितोळेसाहेब म्हणतात, 'क्या रे, ससुराल हो आया क्या?' हसून हसून मेलो आम्ही." दिगू मात्र हसत नव्हता. भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"मग आता?" बाईंनी विचारलं.

"आता काय? थोडीच भोकं उरलीत. मी उतरतो तेवढ्यापुरता. दिगू दोर धरेल. शिकवलाय मी त्याला."

"पण तुमचा तो नेम?"

"नेम माणसं असली की पाळायचा," शंकर म्हणाला. "दुसरा आहे कोण?"

बाईंनी चहा टाकला. दूध कल्पनाकडचंच होतं. 'नको जाऊस' हे शब्द त्यांच्या जिभेवर आले होते; कल्पना भिंतीपलीकडे मुलींना न्हाऊ घालत गाणं म्हणत होती, तेही ऐकू येत होतं. त्यांनी शंकरच्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, "साखर पुरेशी आहे ना रे?"

त्या रात्री त्या बऱ्याच दिवसांनी गाढ झोपल्या.

जवळच्या क्वार्टरांची पाण्याची पाइपलाइन कुठेतरी झिरपत होती. मातीच्या आतल्या आत पाणी उतरत होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माती ढासळू नये म्हणून भोकाच्या तोंडाशी लोखंडी नळा बसवलेला असतो, पण तो वरच्या काही हातांपुरताच. त्याच आठवड्यात, शंकर तळाशी होता तेव्हा, नळ्याखालची काळी माती ओली होऊन सुटली आणि त्याच्या अंगावर आली. छातीपर्यंत. उजव्या हाताला त्याने दोराचा वेढा घेतला होता. वर दोर दिगूच्या हातात. खालून एकदाच आवाज आला, "ओढ!" आणि दिगूने ओढलं. जीव खाऊन ओढलं. मग इतर धावून आले, सगळ्यांनी मिळून ओढलं.

शंकर वाचला. उजवा हात मात्र गेला. दिसायला जसाच्या तसा, पाचही बोटं शाबूत, पण डॉक्टर म्हणाले, खांद्यातून नसाच उपटल्या गेल्यात. आता तो कधी हलायचा नाही.

बाई डबा घेऊन इस्पितळात गेल्या तेव्हा दिगू व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. तळहातांची सालटी निघालेली. कल्पना बाहेर आली आणि बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या दिगूला देवानेच वाचवलं, मावशी. बघा ना, माझ्याच म्हशीचं दूध. तुम्ही भिंतीवरून चोरून न्यायचात, कळू देऊ नकोस म्हणायचात, आणि मी हसायची. कोणाला ठाऊक होतं तेच त्याच्या कामी येईल?"

तिच्या बोलण्यात कसलाही आडपडदा नव्हता. ती पुन्हा आत गेली. दिगूने मान वर करून आईकडे पाहिलं.

तो आईबरोबर घरी आला. बाईंनी स्टोव्ह पेटवला, परात घेतली. मागून तो म्हणाला, "रिंगसाठी?"

बाई कणीक मळत राहिल्या.

"आई, रिंगसाठी का?"

"हो."

"माझ्यानंतर कोण उतरणार, हे तुला माहीत होतं. मीच सांगितलं होतं."

बाईंना सांगायचं होतं, मी फक्त तुझाच विचार करत होते. पण तेच तर तो म्हणत होता. त्यांनी पोळी लाटली, भाजली आणि सवयीने तुपाच्या भांड्याकडे हात नेला. तो हात त्यांनी तसाच मागे घेतला.

दिगूने त्या दिवसापासून दोन कोरड्या पोळ्या आणि मीठ एवढंच खाल्लं. बाई स्वतःच त्या करून देत. ताट समोर आलं की तो आधी पोळी मोडून वास घ्यायचा, आणि मगच घास तोंडात घालायचा. गालांची हाडं पुन्हा वर आली. होळीनंतरच्या सोमवारी तो रिंगमधून निघाला आणि तोवर अडून राहिलेल्या भोकांत उतरला. बाई कुंपणाला धरून उभ्या होत्या. आत कोण दोर धरतोय ते दिसत नव्हतं, तिपाई तेवढी दिसत होती. प्रत्येक वेळी तो वर आला. शेवटचा पिंजरा खाली गेला, नरसाळ्यातून काँक्रीट ओतलं गेलं, आणि जमीन सपाट झाली.

टाकी उभी राहिली. ठेकेदार मंडीदीपला गेला, तिकडे कारखान्यांचे पाये निघाले होते. दिगूही त्याच्याबरोबर गेला. तिकडेही तो उतरतो. इथून जाताना शितोळ्यांनी ती रिंग खिळ्यावरून काढून सामानात टाकली होती, हे बाईंनी पाहिलं होतं.

शंकर आता दिवसभर दारात बसतो. उजवा हात मांडीवर, ओढणीच्या झोळीत. म्हैस विकली गेली. कल्पना टाउनशिपमध्ये भांडी घासायला जाते, मुली बाईंकडे जेवतात. येताजाता शंकर हाक मारतो, "काय मावशी, दिगूची काही खबर?" बाई पदर सारखा करतात. "बरा आहे म्हणे." शंकरच्या ताटात बाई स्वतः घास कालवून ठेवतात, डाव्या हाताने खाता यावा म्हणून.

दिगू महिन्यातून एखाद्या रविवारी येतो. आधी शंकरजवळ बसतो, मग घरात. बाई ताट मांडतात. दोन पोळ्या, कोरड्या. त्या संपतात. बाईंच्या उजव्या हातात डाव असतो, पातेल्यात वरण असतं, आणि ओठांवर 'आणखी थोडं' हे दोन शब्द येऊन उभे राहतात.

दिगू पाण्याचा घोट घेतो आणि ताटातच हात धुतो. बाई पातेल्यावर झाकण ठेवतात.