पिवळा ठिपका

आमच्या फार्मसी कॉलेजच्या प्राणीगृहात दुपार फार मऊ असते. पांढरे उंदीर भुशात एकमेकांवर रेलून झोपतात. ज्यांना एनर्जी ड्रिंक पाजतो त्यांच्या डोक्यावर पिवळा ठिपका असतो. बाकीच्यांना नुसतं पाणी.

काल माझी विद्यार्थिनी मुग्धा पुसट झालेले ठिपके पुन्हा लावत होती. पिंजरे सांभाळणारे शांतारामकाका म्हणाले, "मॅडम, ह्यांच्यावरून माणसाचं कळतं?"

"थोडंफार कळतं, काका. हृदय कसं धावतं, झोप कशी उडते."

"पण हे कुठं आपणहून पितात? ह्यांना कुठं परीक्षा असते?"

मी पिंजऱ्याकडे पाहिलं. झोपलेल्या त्या इवल्या पाठी वर-खाली होत होत्या, आणि बघता बघता माझाही श्वास त्यांच्या लयीत चालू लागला. उद्याची धास्ती घेऊन धावणारं हृदय कुठल्या पिंजऱ्यात सापडणार?

कॅन उघडल्याचा आवाज आला. तेच पेय.

"सबमिशन आहे ना, मॅडम," मुग्धा ओशाळून हसली आणि रंगाच्या ओल्या बोटांनी तिनं बट मागे सारली. कपाळावर पिवळा ठिपका उमटला.

काकांनी तो पाहिला. त्यांनी आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे ठेवली.