आठवा महिना दोनदा

स्क्रीनवर ‘इनव्हॅलिड डेट’ असं लिहिलेल्या लाल ओळी एकामागून एक येत होत्या आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहून ग्रेग त्या मोजत होता. तीनशेच्या वर गेल्यावर त्याने मोजणं सोडलं.

“बाई टाइप करता करता झोपल्या असणार,” तो म्हणाला. “शुक्रवारी डेमो आहे. जुना डेटा भरवशाचा नाही, असा रिपोर्ट लिही. सगळी पत्रं व्हेंडरकडे पाठवू, तो नव्याने भरून देईल.”

“आणि बाईंचं काम?”

“ते आपण वापरायचं नाही.”

ग्रेग आमचा प्रोजेक्ट मॅनेजर. मी टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचा पगार घेणारा माणूस. २००४ चा जुलै होता, ऑफिस अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला. क्लायंट होती तिथून जवळचीच एक लायब्ररी. तिच्याकडे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातल्या पत्रांचा मोठा साठा होता. चिनी अधिकाऱ्यांनी परदेशी कॉन्सलांना, म्हणजे वकिलातीच्या माणसांना, लिहिलेली पत्रं आणि त्यांची उत्तरं. तिथल्या मिसेस त्साय नावाच्या बाईंनी अठरा वर्षं बसून या पत्रांची सूची केली होती. कुणी लिहिलं, कुणाला, कोणत्या तारखेला आणि दोन ओळींत मजकूर काय. बाई रिटायर झाल्या होत्या. ती सूची वेबसाइटवर चढवायची, एवढंच आमचं काम.

एवढंच म्हणतोय खरं, पण तारखांनी आम्हाला घाम फोडला होता. चिनी पत्रांवर बादशहाच्या कारकिर्दीचं वर्ष असायचं. आपल्याकडे राज्याभिषेक शक होता, साधारण तसंच. ग्वांगश्यू बादशहाचं सव्विसावं वर्ष म्हणजे १९००. जपानी कॉन्सल लिहायचा मेइजी तेहतीस, तेही १९००च. पण जपानने तोवर महिने आणि दिवस युरोपसारखे करून टाकले होते, तर चीनचे महिने अजून चंद्रावर चालत होते. एकाच दिवशी एकाच शहरात लिहिलेल्या दोन पत्रांवर दोन वेगळ्या तारखा. बाईंनी शहाणपणा असा केला होता, की कागदावर जे होतं तेच सूचीत ठेवलं होतं. त्याची इंग्रजी तारीख करायचं काम आमच्या प्रोग्रॅमचं होतं.

प्रोग्रॅमला महिन्याच्या रकान्यात एक ते बारा यातला आकडा हवा होता. बाईंनी काही ठिकाणी ‘8R’ लिहिलं होतं. आकड्याला अक्षर चिकटलेलं दिसलं की प्रोग्रॅम ओरडायचा.

मला ग्रेगच्या बोलण्याचा राग आला होता, हे कबूल करतो. अठरा वर्षं काम केलेल्या माणसाबद्दल कुणी असं सहज बोललं की मला सहन होत नाही. शिवाय रिपोर्टखाली सही माझी जाणार होती. मी सगळ्या लाल ओळी वेगळ्या काढल्या आणि वर्षांप्रमाणे लावल्या. सोळावं वर्ष, अठरावं, एकविसावं, चोविसावं, सव्विसावं. प्रत्येक वर्षात R लागलेला महिना एकच. मधे कधी दोन वर्षं, कधी तीन.

झोप काही दोन-तीन वर्षांनी ठरवून येत नाही. चूक इतकी वक्तशीर नसते.

ती वर्षं मी दोनदा वाचली आणि खुर्चीत सरळ बसलो. आमच्या घरी तेव्हा नागपूरहून सासूबाई आल्या होत्या आणि अधिक श्रावण चालू होता. धोंड्याचा महिना म्हणून त्यांनी चक्क व्हर्जिनियात अनारसे तळून जावयाला वाण दिलं होतं. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान पडतं, तो फरक साठत जातो आणि दोन-तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा घालून हिशेब जुळवतात. आपण घालतो, तर चीनने का घालू नये? R म्हणजे त्यांचा अधिक महिना.

मी ग्रेगच्या केबिनमध्ये गेलो.

“डेटा बरोबर आहे. काही वर्षांत तेरा महिने असतात.”

“तेरा?”

“१९०० साली आठवा महिना दोनदा आला होता.”

“मिलिंद, हे तू क्लायंटला सांगणार आहेस?”

“सिद्ध करून सांगतो. गुरुवारपर्यंत वेळ दे.”

“गुरुवार संध्याकाळ. नाहीतर तो रिपोर्ट जाईल.”

घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं, “आई, अधिक श्रावण आधी की नेहमीचा श्रावण आधी?”

“अधिक आधी, मग निज,” त्या म्हणाल्या. “सणवार सगळे निज श्रावणात. एवढंही माहीत नाही होय तुम्हाला?”

मी आमच्या डेव्हलपरकडून प्रोग्रॅममध्ये तसा नियम घालून घेतला. आधी R चा महिना, मग साधा. बुधवारी दुपारी पुन्हा चालवला. तीनशेच्या वर लाल ओळींपैकी एकही उरली नाही, सगळ्या हिरव्या झाल्या. ग्रेगला फिक्स झालं म्हणून सांगितलं, आणि मी इतका खूश झालो की कँटीनमध्ये ओळख नसलेल्या माणसालाही ही गोष्ट सांगितली. आपल्या पंचांगाने अमेरिकन सॉफ्टवेअर सुधारलं, अशा थाटात दिवसभर फिरत होतो.

आता टेस्टरची एक सवय सांगतो. हिरवी ओळ म्हणजे प्रोग्रॅमची तक्रार नाही, एवढंच. उत्तर बरोबर आहे असा तिचा अर्थ होत नाही. त्यासाठी दुसरीकडून पुरावा लागतो. म्हणून गुरुवारी सकाळी मी सव्विसाव्या वर्षातला एक पत्रव्यवहार वाचायला घेतला. हे वर्ष वाईट होतं. जपान धरून आठ देशांच्या फौजा पेकिंगमध्ये शिरल्या होत्या. इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्यांत आपले शीख आणि राजपूत शिपाईही होते. राजमाता बादशहाला घेऊन गाड्यांमधून राजधानी सोडून गेली होती. मागे राहिलेले अधिकारी जिथे तिथे परदेशी कॉन्सलांशी बोलणी करत होते. कुणी आधी विचारलं, कुणी आधी धमकावलं, यावरच इतिहासकार भांडतात. पत्रांचा क्रम चुकला तर दोष दुसऱ्याच्याच माथी जाईल.

एका बंदराच्या अधिकाऱ्याने जपानी कॉन्सलला विचारलं होतं, तुमची लढाऊ जहाजं नदीत वर आणणार नाही असं लिहून द्याल का? आठवा महिना, विसावा दिवस. आमच्या प्रोग्रॅमने त्याची तारीख काढली होती तेरा ऑक्टोबर. कॉन्सलचं उत्तर होतं, ‘आपलं आठव्या महिन्याच्या वीस तारखेचं पत्र पोचलं.’ त्याची तारीख जपानी, म्हणजे मोजायची गरजच नाही. सतरा सप्टेंबर.

पत्र ऑक्टोबरात आणि उत्तर सप्टेंबरात.

बाईंना वाचवायला निघालो होतो आणि मीच सगळा महिना उलटा लावून ठेवला होता. तोही सगळ्या ओळी हिरव्या करून, म्हणजे कुणाला कधी कळलंही नसतं. लायब्ररीच्या जुन्या फाइलमध्ये मिसेस त्सायंचा नंबर होता. त्यांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

मी ओळख सांगितली आणि R बद्दल विचारलं.

“रुन,” त्या म्हणाल्या. “जास्तीचा महिना.”

“तो आधी येतो ना?”

“छे. आधी खरा महिना, मग जास्तीचा. तुम्ही कुठले?”

“इंडिया. आमच्याकडे जास्तीचा आधी येतो.”

“जास्तीचं आधी कसं येईल?” त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरंच कुतूहल होतं. सासूबाईंना विचारून सांगतो, म्हणालो.

मग त्या म्हणाल्या, “R चा अर्थ मी नोट्सच्या पहिल्या पानावर लिहिला होता. निळं बाइंडर. ते कुणी उघडलं नाही का?”

कुणी उघडलं नव्हतं. मीही नाही. तसं त्यांना स्पष्ट सांगितलं, माफी मागितली आणि शुक्रवारी डेमोला या म्हटलं.

ग्रेगला पार्किंगमध्ये गाठलं.

“काल मी फिक्स केलं म्हणालो ते चूक होतं.”

“म्हणजे डेटा खराबच आहे?”

“डेटा बरोबर आहे. आधी प्रोग्रॅम चुकला, मग मी चुकलो. बाई एकदाही चुकल्या नाहीत.”

त्याने गाडीचं दार पुन्हा बंद केलं. “किती वेळ लागेल?”

“एक ओळ बदलायची. पण मग सव्विसाव्या वर्षातली जपानी कॉन्सलची सगळी पत्रं मी हाताने ताडून बघणार.”

ताडून बघितली. प्रत्येक उत्तर आपापल्या पत्राच्या मागे जाऊन बसलं. मग मी रिपोर्ट लिहिला, अर्ध्या पानाचा. जुना डेटा जसाच्या तसा ठेवावा. खाली सही केली, आणि नोकरीतल्या इतक्या वर्षांत इतक्या आनंदाने दुसरी सही केल्याचं मला आठवत नाही.

शुक्रवारी मिसेस त्साय आल्या. लहानखुऱ्या, कडक इस्त्रीचा शर्ट, मागच्या खुर्चीवर. ग्रेगने, हे त्याच्या नावावर जमा करायला हवं, सुरुवातीलाच सांगितलं की व्हेंडरची गरज उरली नाही, चूक आमच्याकडे होती. लायब्ररीच्या डायरेक्टरने विचारलं, “या तारखांची खात्री किती?” ग्रेगने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “ज्यांनी भरल्या त्या मागे बसल्या आहेत, त्यांनाच विचारा.”

सगळे वळले. बाई उठून पुढे आल्या, चष्मा लावला आणि स्क्रीनवरचा तो पत्रव्यवहार वरून खाली वाचला. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. माझा ऊर अभिमानाने भरून आला, बाईंबद्दल आणि थोडा स्वतःबद्दलही.

वेबसाइट त्या हिवाळ्यात सुरू झाली. सूची त्यांचीच, पहिल्या पानावर नावही त्यांचंच.

त्यानंतर किती प्रोजेक्ट झाले. कुणी ‘डेटा खराब आहे’ म्हणालं की मी पहिल्यांदा विचारतो, भरला कुणी आणि ते माणूस हयात आहे का. बहुतेक वेळा हयात असतं, गावातच राहत असतं. त्याला कुणी फोन केलेला नसतो, इतकंच.