परवानगी

माझ्या घरातला कॉम्प्युटर मुलाने आणून दिलेला. मुलगा लग्नानंतर ठाण्यात बाळकुमला राहायला गेला आणि आम्ही दोघं नवरा-बायको डोंबिवलीतच राहिलो. कॉम्प्युटरवर त्याने विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. माझ्यासाठी वेगळं खातं उघडलं आणि सगळे अधिकार स्वतःच्या पासवर्डखाली ठेवले. पेनड्राइव्ह नुसता खोचून चालत नसे. कॉम्प्युटरने तो जोडून घ्यावा लागतो, त्याला माउंट करणं म्हणतात, आणि तेवढ्यासाठीही तो मुलाचा पासवर्ड मागायचा. आपल्याला फारसं येत नाही म्हणून हे बंद ठेवलंय, असं मी धरून चाललो होतो.

एका दुपारी माझा कंपनीतला मित्र आला. एमआयडीसीतल्या लॅबमध्ये आम्ही शेजारच्या टेबलांवर नोकरी काढली. निवृत्तीनंतर त्याने खडवलीला घर बांधलं, त्याचे फोटो तो पेनड्राइव्हवर घेऊन आलेला.

"मोबाइलवर नको," तो म्हणाला, "मोठ्या पडद्यावर बघ."

मी पेनड्राइव्ह लावला. पासवर्डची चौकट आली. माझा पासवर्ड टाकला, तो चालला नाही. परत टाकला. मित्र खुर्ची ओढून शेजारी बसलेला. शेवटी मुलाला फोन लावला. हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर ठेवला, हेच चुकलं.

"बाबा, मी कामात आहे. कुणाचा पेनड्राइव्ह आहे?"

मी मित्राचं नाव सांगितलं.

"बाहेरचं काही लावू नका, किती वेळा सांगितलंय. मी रविवारी येतो, तोवर कशाला हात लावू नका."

फोन ठेवला. माझे कान तापले होते. लॅबमध्ये माझ्या सहीशिवाय माल बाहेर जात नसे, ते याच मित्राने वर्षानुवर्षं पाहिलेलं. बायको चहा घेऊन आली ती दारातच थांबली. मित्राने वाकून पेनड्राइव्ह काढला, खिशात टाकला.

"राहू दे रे. तू ये ना, प्रत्यक्षच बघ," म्हणाला, आणि गुडघेदुखीचा विषय काढला.

रविवारी मुलगा आला. झालेला प्रकार बायकोनेच त्याला सांगितला.

"बाबा, मला वाटलं तुम्हाला लागतच नाही. आधी सांगायचं ना."

"मागायला बरं वाटत नव्हतं," मी म्हणालो.

मग तो माझ्याकडे न बघता काही ओळी टाइप करत बसला. त्याने माझ्या खात्याला माउंट करायची परवानगी दिली. एवढंच काम होतं. त्याचं तोंड उतरलं होतं, ते पाहून मला आणखीनच ओशाळल्यासारखं झालं.

महिन्याभराने आम्ही दोघं खडवलीला गेलो. घर नेटकं होतं, मागे आंब्याची कलमं लावलेली. मित्राच्या बायकोने पोहे पुढे ठेवत विचारलं, "फोटोत बघितलंच असेल ना तुम्ही सगळं?"

मी तोंड उघडायच्या आत मित्रच म्हणाला, "अगं, सगळे बघितले त्याने. मोठ्या पडद्यावर."

म्हणजे त्या दिवशी घरी येऊन त्याने तसंच सांगितलेलं. माझी लाज राखायला तो बायकोशी खोटं बोलला होता.

"हो," मी म्हणालो, "छान आलेत." आणि बशीकडे बघत पोहे खात राहिलो.